सुनावणीच्या दाराबाहेर

१

आई गेल्यावर बाबांनी खुर्ची धरली. खिडकीजवळची, वेताची. सकाळचा चहा घेऊन तिच्यात बसायचे, ते मी कामावरून परत येईपर्यंत तिथेच. वर्तमानपत्राची घडी मोडलेली नसायची. कानाचं मशीन डबीत पडलेलं असायचं. मी काही विचारलं की माझ्या ओठांकडे बघत "हो" किंवा "नको". तिसरा शब्द नाही.

बाबा आयुष्यभर छापखान्यात यंत्रावर उभे राहिले आणि त्या यंत्रांनी त्यांचे कान खाल्ले. मी मोठी होऊन नेमकी कानाच्याच खात्यात शिरले. इस्पितळात ऐकण्याची तपासणी करते. बाहेरचा आवाज पोचणार नाही अशा काचेच्या खोलीत माणसाला बसवायचं, हेडफोन लावायचे, हातात बटण द्यायचं आणि बाहेरून बारीक शिट्या सोडायच्या. ऐकू आली की बटण दाबा. दिवसभर हेच. त्यामुळे 'भास झाला', 'काहीतरी ऐकू आलं' असल्या बोलण्यावर माझा पटकन विश्वास बसत नाही. कोणत्या कानात आणि किती जोरात, हे मी आधी विचारते.

बाबांना तपासायला आलेले डॉक्टर जाताना जिन्यात म्हणाले, "औषधाचं काम नाही हे. यांना घराबाहेर काढा."

मी मनावर घेतलं. एकदा मनावर घेतलं की मी कुणाच्या बापाला ऐकत नाही, आणि इथे तर बाप माझाच होता.

इस्पितळाच्या लिफ्टमध्ये एक कागद चिकटवलेला होता. दर रविवारी सकाळी हेरिटेज वॉक. परक्या राजवटीत उभं राहिलेलं शहर पायी चालत बघा. मी दोघांची नावं दिली आणि मग बाबांना सांगितलं.

"मी या शहरात जन्म काढला," बाबा म्हणाले. "मला काय दाखवणार आहेत ते?"

कितीतरी महिन्यांनी ते एवढं लांब वाक्य बोलले होते. मी म्हटलं, "तेच बघायला चला."

२

वॉक नेणारी मुलगी वास्तुविशारद होती. चणीने लहान, आवाजाने खणखणीत, आणि गर्दीत दिसावी म्हणून लाल छत्री उंच धरून चालायची. बाबांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव 'छत्रीवाली' ठेवलं. पहिल्या रविवारी जुनं पोस्ट, दुसऱ्या रविवारी सिंहाची तोंडं असलेली बँक, मग गोदीचे दरवाजे. बाबा सुरुवातीला हात मागे बांधून, 'मला काय त्याचं' असा चेहरा करून चालले. गोदीपाशी पोचलो तोवर दगड कुठल्या खाणीतला यावरून ते भूगोलाच्या मास्तरांशी हमरीतुमरीवर आले होते.

हे मास्तर म्हणजे आमच्या गटातले निवृत्त शिक्षक. डोक्यावर कायम टोपी, आणि छत्रीवालीचं प्रत्येक वाक्य संपायच्या आत "नाही, पण त्याचं असं आहे" ही सुरुवात. बाबांना त्यांचा राग यायचा आणि पुढच्या रविवारी ते दिसले नाहीत तर चैन पडायचं नाही. मला एवढंच हवं होतं. घरी आल्यावर बाबा ताट चाटूनपुसून साफ करत होते. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

मग आला जुन्या कोर्टाचा रविवार.

खाली कमानीत झेरॉक्सवाला, टंकलेखक, सरकारी कचेऱ्या. वरचा मजला मात्र बंद पडलेला. पुढे पितळी कठड्याचा रुंद जिना होता, तो साहेबांचा. आपल्या लोकांसाठी मागच्या बाजूला एक अरुंद, वळणाचा जिना. छत्रीवालीने मुद्दाम आम्हाला मागून नेलं. दम लागतो असा जिना. वर पोचलात की एकदम लांबच लांब दालन. उंच छत, उंच खिडक्या, भिंतीला लागून दोन्ही बाजूंनी लाकडी बाकं. बसून बसून लाकडाला खोलगट वाट्या पडलेल्या. आणि टोकाला एक बंद दुहेरी दार, वरच्या अर्ध्या भागात दुधी काच.

"इथे लोक थांबायचे," छत्रीवाली म्हणाली. "सुनावणी कोणत्या दिवशी, हे सांगायची पद्धत नव्हती. रोज यायचं, बसायचं, कान दाराकडे ठेवायचे. शिपाई नाव पुकारायचा. पुकारा झाला आणि तुम्ही हजर नसलात तर निकाल तुमच्या पाठीमागे."

"आणि आत काय आहे?" कुणीतरी विचारलं.

ती हसली आणि दाराचं एक कवाड ओढून उघडलं. पलीकडे विटांची भिंत होती. गिलावा न केलेली, उंबरठ्याला अगदी चिकटून. "सुनावणीचं दालन केव्हाच पाडलं. त्या जागी शेजारची इमारत आली. दार तेवढं उरलं."

सगळे हसले. मास्तर बाकावर बसून बुटाची नाडी बांधत होते. बाबाही त्यांच्या शेजारी टेकले. खोलगट वाटीत बरोबर मावले. मी बघितलं तर त्यांनी मान डावीकडे कलती केली होती. त्यांचा तो कान थोडा बरा आहे. चेहऱ्यावर असा भाव, की कुणीतरी फार दिवसांनी नीट, सावकाश, त्यांना समजेल असं बोलत होतं.

आम्ही निघालो तेव्हा त्यांना दंडाला धरून उठवावं लागलं.

३

"आवाज छान आहे त्या माणसाचा," घरी येताना रिक्षात बाबा म्हणाले.

"कोणत्या माणसाचा?"

"आतल्या. एक अक्षर चुकत नाही. नाहीतर तुम्ही सगळे. तोंडात गुळणी धरल्यासारखे बोलता."

मी म्हटलं, दुसरा एखादा गट आला असेल. मोठ्या इमारतीत आवाज कुठूनही कुठे जातो. उंच छत असलं की लांबचं बोलणं कानाशी येतं, हे मी शिकलेली आहे. संध्याकाळी तरीही छत्रीवालीला फोन केला.

"दुसरा गट? नाही हो," ती म्हणाली. "वर जायची परवानगी फक्त आपल्याकडे आहे. का?"

"सहज," मी म्हटलं.

त्या आठवड्यात बाबा बदलले. सकाळी दाढी करायला लागले. कपाटातला पांढरा सदरा काढून स्वतः इस्त्री केली. मी कामाला निघायच्या आधी ते बूट घालून तयार.

"कुठे?"

"जरा कोर्टाकडे."

मी थक्क झाले आणि, खरं सांगते, खूश झाले. परदेशात असलेल्या दादाला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, "अगं, मग तक्रार काय आहे? माणूस घरी बसला तरी तू रडतेस, बाहेर पडला तरी रडतेस."

तक्रार नव्हती. फक्त एकदा दुपारी मी लवकर घरी आले आणि बाबांच्या उशाशी ती डबी दिसली. उघडून बघितली. कानाचं मशीन आत होतं. तसेच निघाले होते ते, मशीन न घालता. दरवाजावरची घंटा ज्यांना ऐकू येत नाही, ते दिवसभर कोर्टात बसून काय ऐकत होते?

मी गेले तिकडे. खालचा पहारेकरी म्हणाला, "तुमचे वडील होय? वर बसतात बिचारे. कुणाला त्रास नाही. कबुतरांना सोबत."

बाबा त्याच बाकावर होते. हात गुडघ्यांवर, मान डावीकडे कलती. मी समोर जाऊन उभी राहिले तरी त्यांना मी दिसायला वेळ लागला.

"तू कशाला आलीस?" ते कुजबुजले. "आणि हळू बोल. चालू आहे."

४

मी त्यांना तपासणीला बोलावलं. मशीन नव्याने जुळवून घेऊ, असं सांगितलं. काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन लावले, बटण दिलं. माझी जागा बाहेर, यंत्रासमोर. पलीकडच्या माणसाने बटण दाबलं की माझ्यापुढे एक हिरवा दिवा लुकलुकतो.

सुरुवात अपेक्षेप्रमाणे झाली. मोठ्या शिट्यांना दिवा लागला, बारीक शिट्यांना नाही. कान मागच्या वर्षीपेक्षाही उतरले होते. मी हात यंत्रावरून काढला आणि पाण्याची बाटली उघडली.

दिवा लुकलुकला.

मी काहीच सोडलं नव्हतं. काही लोक अंदाजाने बटण दाबतात, त्याची मला सवय आहे. मी थांबले. परत लुकलुकला. मग बराच वेळ नाही, मग पुन्हा. अंदाजाने दाबणारा घाईत असतो, त्याला पास व्हायचं असतं. ही घाई नव्हती. कुणीतरी काही लांब, काही आखूड बोलत होतं आणि दर बोलण्याच्या शेवटी बाबा इमानदारीत, मी शिकवल्याप्रमाणे, बटण दाबत होते.

मी हेडफोनची वायर यंत्रातून उपसली आणि हातात धरली. दिवा लुकलुकला.

काचेतून बघितलं. बाबांची मान डावीकडे कलली होती. तोंड माझ्याकडे नव्हतं, मागच्या भिंतीकडे होतं. त्या भिंतीत हातभर जाड कापूस भरलेला आहे.

मी दार उघडलं. मशीन त्यांच्या कानात बसवलं आणि विचारलं, "काय ऐकलंत?"

"नावं."

"कुणाची नावं?"

"कुणाकुणाची. बापाच्या नावासकट, पत्त्यासकट. ओळखीचं आज एकच होतं." त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. "आपले मास्तर. लागला त्यांचा नंबर एकदाचा."

मी हसून दाखवलं. त्यांना घरी पाठवलं. मग छत्रीवालीकडून मास्तरांचा नंबर घेतला, बराच वेळ फोन हातात धरून बसले आणि शेवटी लावला. फोन त्यांच्या बायकोने उचलला. मागे रडण्याचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी भेटायला गेले. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "काल सकाळपासून बूट घालून दाराजवळ बसले होते. म्हटलं कुठे जायचंय, तर म्हणे बोलावणं आलं की निघायचं. मी आत होते. हे मोठ्याने 'आलो!' म्हणाले. मी आतूनच विचारलं, 'कोण आलंय हो?' तर उत्तर नाही. येऊन बघते तर..." मग अगदी हळू म्हणाल्या, "हाक मात्र मला नाही ऐकू आली. मला ऐकू येतं की. मग मला का नाही आली?"

ती वेळ मी विचारून घेतली. काचेबाहेर वायर हातात धरून मी उभी होते तीच वेळ.

५

योगायोग. वय झालं होतं. हृदय कमजोर असेल. बाबांच्या मेंदूला शांततेची सवय नाही, तो रिकाम्या जागी आवाज भरतो. असं होतं. माझ्याकडे असे रोगी येतात, कुणाला गाणी ऐकू येतात, कुणाला घंटा. हे सगळं मी स्वतःला बसमध्ये उभ्याउभ्या समजावलं. आणि ते संपलं तेव्हा लक्षात आलं, की माझा थांबा केव्हाच मागे पडला होता.

मास्तर कोर्टात नव्हते, घरी होते. म्हणजे बाबांना घरात कोंडून काही होणार नव्हतं.

मी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले. "बाबा, तुमचं नाव आलं तर ओ देऊ नका."

"असं कसं?"

"मी सांगते म्हणून."

त्यांनी वेताची खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "चिमे, तुझी आई गेली त्या पहाटे मला हाका मारत होती. तू प्रशिक्षणाला बाहेरगावी होतीस. मशीन डबीत होतं. भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडाला ऐकू गेलं. ते दार ठोठावत होते, तेही मला ऐकू आलं नाही. एका खोलीत होतो आम्ही."

मला हे माहीत होतं. त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"मला कुणी बोलावलं आणि मी हजर नाही, असं परत व्हायचं नाही," ते म्हणाले. "मग बोलावणारा कुणी का असेना."

आमच्या घरात समजूत घालून कुणाला पटत नाही. मी उठले. इस्पितळात फोन करून रजा टाकली.

"ठीक आहे," मी म्हटलं. "उद्यापासून मी पण येते. तुमच्या शेजारी बसते."

बाबांना बरंच वाटलं. "येताना पाणी घे," ते म्हणाले. "तिथे नळ नाही."

६

भर दुपार होती. खिडक्यांतून उन्हाचे चौकोन जमिनीवर पडले होते. खालून झेरॉक्सच्या यंत्राचा घरघराट आणि कुणाचं तरी हसणं वर येत होतं. असल्या ठिकाणी माणसाला आपल्याच भीतीची लाज वाटते. मी बाबांच्या उजव्या बाजूला, पलीकडच्या वाटीत बसले. लाकूड गार होतं.

डावीकडे, टोकाला ते दार. कवाडं बंद, काच काळपट. त्यामागे विटा, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

काही ऐकू येत नव्हतं. बाबा मात्र तल्लीन. मधूनच ओठ हलवून एखादं नाव पुटपुटायचे. मी पाणी प्यायले, नखं बघितली, जमिनीवरची कबुतरांची पिसं बघितली. मग मला वाटलं, मी तपासणी नीट करतच नाहीये. ते जसं बसतात तसं मी बसून बघितलेलं नाही. मी हात गुडघ्यांवर ठेवले आणि मान डावीकडे कलती केली.

झेरॉक्सचा घरघराट झाकण लावल्यासारखा बंद झाला.

ती शांतता मी ओळखते. रोज त्या काचेच्या खोलीत शिरते तेव्हा कानांवर तिचा दाब येतो. पण ती खोली दोन पावलांची आहे. हे दालन केवढं मोठं, खिडक्या उघड्या. तरी तोच दाब.

आणि मग आवाज. पुरुषाचा, खर्जातला, अजिबात घाई नसलेला. बाबा म्हणाले होते ते खरं होतं, एक अक्षर वाया जात नव्हतं. एक नाव, त्याच्या बापाचं नाव, राहणार अमुक ठिकाणी, हजर व्हा. थोडा वेळ. पुढचं नाव. कान दुखत नाहीत, जीव घाबरत नाही. उलट अंग सैल पडतं. कुणीतरी आपल्याला विसरलेलं नाही, असं वाटतं. मला झोप आल्यासारखं झालं.

मान वळवली नाही. पण डोळ्यांच्या कोपऱ्यातून समोरचं बाक मला दिसत होतं आणि ते रिकामं नव्हतं. खांद्याला खांदा लागला होता. हात गुडघ्यांवर. चेहरे मला दिसले नाहीत, कारण सगळ्यांनी मान एकाच बाजूला, दाराकडे कलती केली होती, आणि मला फक्त कान दिसत होते. ओळीने कान. ओळीच्या शेवटाजवळ एक टोपी होती.

दाराच्या काचेमागे उजेड होता.

मग आवाजाने माझ्या आजोबांचं नाव घेतलं. आधी बाबांचं, मग आजोबांचं. राहणार, आमची इमारत. दुसरा मजला. खिडकीजवळ.

बाबांचे गुडघे सरळ व्हायला लागले. त्यांनी छाती भरून श्वास घेतला. तो श्वास कशासाठी आहे, हे मला कळलं. मी डावा हात त्यांच्या तोंडावर दाबला, उजव्या हाताने त्यांचा खांदा खाली रेटला, आणि ठार बहिऱ्या रोग्यांशी बोलताना मी वापरते त्या आवाजात ओरडले,

"गैरहजर!"

पाठीमागे निकाल लागायचा तो लागू दे. माणूस तर घरी येईल.

पुकारा थांबला. पुढचं नाव आलं नाही. दालनात काहीतरी सरकलं. कापडावर कापड घासल्याचा बारीक आवाज, सगळीकडून एकदम. समोरच्या बाकावरच्या माना सरळ झाल्या होत्या. आता मला कान दिसत नव्हते. मी वर बघितलं नाही. वर बघायचं नाही, एवढी एकच अक्कल त्या क्षणी शाबूत होती. मी जमिनीवरचं एक पीस धरून ठेवलं नजरेने.

काचेतला उजेड झाकला गेला. कुणीतरी पलीकडून दाराच्या अगदी जवळ आलं होतं. आणि तोच आवाज, आता हळू, जवळजवळ मायेने, पुकारा नव्हे, चौकशी केल्यासारखा बोलला,

"हे कोण बोललं?"

मी मान झटक्यात सरळ केली. झेरॉक्सचं यंत्र घरघरत होतं. ऊन होतं, पिसं होती. बाबा माझ्या हाताखाली धडपडत होते. मी त्यांना जवळजवळ उचललं आणि त्या वळणाच्या जिन्याने खाली आणलं. त्यांचा एक बूट वरच राहिला. परत जाऊन आणला नाही.

पहारेकऱ्याने विचारलं, "काय झालं बाई?"

"चक्कर आली यांना."

"मग तुम्ही कुणावर ओरडलात?"

मी रिक्षाला हात केला.

७

बाबा माझ्याशी पाच-सहा दिवस बोलले नाहीत. मग एका सकाळी त्यांनी स्वतः डबी उघडली, मशीन कानात घातलं आणि म्हणाले, "गेला तो आवाज. एवढा स्वच्छ आवाज परत काही ऐकायला मिळणार नाही." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी चहा टाकला. पुढच्या रविवारी त्यांनीच वॉकची आठवण केली. छत्रीवालीला मी सांगून ठेवलं, कोर्ट सोडून कुठेही न्या.

बाबा वाचले, यात मला शंका नाही. ते भांडतात, जेवतात, छत्रीवालीला दगडांवरून चार गोष्टी सुनावतात.

प्रश्न मात्र माझ्यासोबत घरी आला. हेडफोन पुसताना, काचेच्या खोलीचं दार लागताना, फोनसाठी मान जरा कलती केली की. "हे कोण बोललं?" आवाज चढत नाही, चिडत नाही. एखादा कारकून रिकामी जागा भरायला विचारतो तसा विचारतो. नाव माहीत नव्हतं त्याला, म्हणून विचारत होता.

मग ते कळू द्यायचं नाही, असं मी ठरवलं. तपासणीच्या खोलीबाहेरची माझ्या नावाची पाटी काढली. इस्पितळात सगळ्यांना बजावलं, मला ताई म्हणा. मुलाखतीला बसल्यासारखी प्रत्येक नव्या माणसाशी सावध बोलायला लागले. बाबांना म्हटलं, "चिमे सोडून दुसरं काही म्हणायचं नाही. बाहेर तर अजिबात नाही." त्यांनी कारण विचारलं नाही. नुसती मान हलवली, आणि तेव्हा मला कळलं की त्या दिवशी तो प्रश्न त्यांनीही ऐकला होता.

असे बरेच दिवस नीट गेले. माणूस कशाचीही सवय करून घेतो.

मग मागच्या रविवारी लोखंडी पुलावरचा वॉक होता. गर्दी, ट्रक, भोंगे. मी नदीकडे तोंड करून उभी होते आणि गट पुढे गेला. बाबांना मी दिसेना. आधी त्यांनी "चिमे! चिमे!" केलं असणार, ते मला ऐकू आलं नाही. घाबरले ते. एका माणसाला हाक पोचली नाही की काय होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? त्यांनी छाती भरून घेतली आणि छापखान्यात यंत्रांवरून पलीकडे पोचवायचे त्या आवाजात मला हाक मारली. माझं नाव, त्यांचं नाव, आडनाव.

पूलभर ऐकू गेलं. लोक वळून बघायला लागले. मीही वळले. बाबांचं तोंड अजून उघडं होतं आणि त्यांना कळलं होतं.

त्या क्षणापासून मला कुणी विचारत नाही. मी मान कलती करून बघितली. काचेच्या खोलीत जाऊन बसले. काही नाही. जे हवं होतं ते मिळाल्यावर माणूस गप्प होतो, तशी शांतता.

सोमवारी मी कामाला निघाले तर बाबा दारात, बूट घालून उभे. नवे बूट. कानात मशीन.

"मी येतोय."

"बाबा, दिवसभर तिथे बाकावर..."

"मला बसायची सवय आहे." त्यांनी माझी पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली. तेव्हापासून रोज येतात. तपासणीच्या खोलीबाहेर, माझ्यापासून हाताच्या अंतरावर बसतात आणि कुठल्याही रोग्याशी गप्पा मारत नाहीत. काल मधल्या सुट्टीत मी त्यांना म्हटलं, बाबा, मला फार भीती वाटते.

"वाटू दे," ते म्हणाले. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. यंत्रावरच्या माणसाची पकड आहे ती, सुटत नाही. "पुकारा झाला की काय बोलायचं ते मी बघतो. तू फक्त उठू नकोस."